नटीची कारकीर्द : छबिलदासचे सभागृह आणि धानाची बांधी

१

मराठी नाट्यसमीक्षेत 'कारकीर्द' हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. अभिनेत्रीची कारकीर्द म्हणजे तिने केलेल्या भूमिकांची कालानुक्रमे सिद्ध केलेली यादी, तिला लाभलेले सन्मान आणि तिच्याविषयी लिहिले गेलेले लेख, अशी समजूत त्यामागे असते. प्रशासनातील किंवा राजकारणातील व्यक्तीच्या संदर्भात हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याच अर्थाने तो रंगभूमीच्या संदर्भातही योजला जातो. कारकीर्द ही कागदपत्रांवरून पडताळून पाहता येणारी गोष्ट आहे, असे येथे गृहीत धरलेले असते. वस्तुतः नटीची निर्मिती प्रयोगाबरोबर संपते. नाटककाराची संहिता उरते, दिग्दर्शकाची टिपणे उरू शकतात, नेपथ्यकाराचे आराखडे जपता येतात. नटीच्या बाबतीत मात्र जे उरते ते इतरांनी पाहिलेले आणि त्यांतूनही थोड्यांनी लिहून ठेवलेले. मग जिला पाहणारे पुष्कळ होते पण लिहिणारे नव्हते, तिची कारकीर्द झालीच नाही असे म्हणायचे काय?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या नाट्यवर्तुळात सहसा उपस्थित होत नाही, कारण तेथे पाहणारा आणि लिहिणारा यांच्यात फारसे अंतर नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील जिल्ह्यांत तो टाळता येत नाही. येथील पदव्युत्तर वर्गात बसणारा ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी किंवा कुरखेड्याकडचा विद्यार्थी तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' संहितेच्या रूपात वाचतो. लीला बेणारेची भूमिका प्रथम सुलभा देशपांडे यांनी केली, ही माहिती त्याला टीपेच्या स्वरूपात मिळते. त्याच विद्यार्थ्याने लहानपणापासून दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या बांधीत रात्ररात्र बसून नाटके पाहिलेली असतात. ज्या नटीला त्याने पाहिले नाही तिचे नाव त्याला परीक्षेसाठी पाठ असते आणि जिला पाहिले तिचे नाव त्याच्या अभ्यासक्रमात कोठेही नसते. या विसंगतीतून नाट्यसमीक्षेच्या पद्धतीविषयी काही मूलभूत प्रश्न निर्माण होतात. त्यांचा विचार सुलभाताईंच्या कारकिर्दीच्या आधाराने करणे उचित ठरेल, कारण ती कारकीर्द मान्यताप्राप्त असूनही रूढ यादीत पुरती मावत नाही.

२

सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) या पूर्वाश्रमीच्या कामेरकर. मुंबईच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि शाळेतील मुलांसाठी नाटके बसविणे हा त्यांच्या नाट्यव्यवहाराचा आरंभबिंदू होता. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृतींच्या पुढाकाराने 'रंगायन' ही संस्था उभी राहिली. सुलभाताईंच्या अभिनयाची जडणघडण याच परिसरात झाली. १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले. १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्यासह 'आविष्कार' स्थापन केली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह हे प्रायोगिक रंगभूमीचे केंद्र बनले. 'आविष्कार'ची बालनाट्य शाखा 'चंद्रशाळा' ही प्रामुख्याने सुलभाताईंची. 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यात मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये त्यांनी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा बालचित्रपट दिग्दर्शित केला. १९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अरविंद देशपांडे यांचे निधनही त्याच वर्षीचे.

एवढ्या तपशिलावरूनही एक गोष्ट ध्यानात येते. या कारकिर्दीतील फार मोठा भाग स्वतःच्या भूमिकांचा नाही. तो तालमींचा, संस्था चालविण्याचा, मुलांना उभे राहायला आणि बोलायला शिकविण्याचा आहे. अभिनेत्रीचे मूल्यमापन करताना समीक्षा हा भाग 'योगदान' या शीर्षकाखाली वेगळा काढते आणि 'अभिनय' या शीर्षकाखाली भूमिका मोजते. ही विभागणी सोयीची असली तरी सुलभाताईंच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे. लीला बेणारे ही शिक्षिका आहे. मुलांच्या सहवासात आपण जिवंत असतो, हे नाटकाच्या आरंभी ती ज्या उत्फुल्लतेने सांगते, ती उत्फुल्लता खरी वाटली नाही तर पुढील सर्व शोकात्म उभारणी कोसळते. वर्गात शिरताना आवाज कसा चढवावा, मुलांना धाक न दाखवता कसे गप्प करावे, वडीलधाऱ्यांच्या सभेत शिक्षिकेने कोणती टवाळी करावी आणि कोणती गिळावी, हे ज्ञान रंगायनच्या तालमीत मिळण्याजोगे नव्हते. ते शाळेत मिळालेले होते. भूमिका आणि 'योगदान' यांचा उगम येथे एकच आहे.

३

'शांतता!'ची रचना या चर्चेच्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा खेळ करण्यासाठी एका गावात येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर आरोप ठेवायचा आहे. वेळ घालविण्यासाठी मंडळी एक लुटुपुटीचा खटला रचतात, आरोपी म्हणून बेणारेला उभे करतात आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. खेळ हळूहळू खऱ्या चौकशीत परिणत होतो. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराची कडी बेणारेच्या बोटाला लागते; पुढे तीच कडी बाहेरून अडकते आणि निसटण्याचा मार्ग बंद होतो. सर्व आरोप ऐकून झाल्यावर न्यायाधीशाच्या आसनावरील काशीकर आरोपीला आपली बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बेणारेचे प्रदीर्घ स्वगत येते. इतर पात्रे त्या वेळी निश्चल असतात. कोणीही ते ऐकत नाही.

हे स्वगत तालमी चालू असताना, दिग्दर्शकाच्या आग्रहावरून लिहिले गेले ही गोष्ट सुपरिचित आहे. त्याविषयी समीक्षेत मतभेदही झाले. मूक राहिलेली बेणारे अधिक प्रभावी ठरली असती, स्वगतामुळे नाटक मेलोड्रामाकडे झुकते, असा एक आक्षेप असतो. संहितेपुरते पाहिले तर या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तालमीत जन्मलेले स्वगत हे केवळ नाटककाराचे लेखन नसते. ते कोण बोलणार आहे हे माहीत असताना लिहिले गेलेले असते. त्या आवाजाची ताकद समोर असल्यामुळे लेखकाला इतक्या लांबीचे, इतक्या चढउतारांचे भाषण लिहिण्याचा धीर झाला, असे अनुमान करता येते. तसे असेल तर सुलभा देशपांडे यांचा अभिनय संहितेच्या आतही शिल्लक आहे. आज जी नटी ही भूमिका करते, ती नकळत एका पूर्वीच्या श्वासाच्या मापाने बोलते. संहिता आधी आणि अभिनय नंतर, हा क्रम वाङ्मयसमीक्षेला स्वाभाविक वाटतो. येथे तो उलटलेला दिसतो.

१९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला. पटकथा गिरीश कार्नाड यांची, छायालेखन गोविंद निहलानी यांचे आणि बेणारे अर्थातच सुलभाताईंची. ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांच्यासाठी हा चित्रपट आता त्या भूमिकेचा प्रमुख पुरावा झाला आहे. पुरावा म्हणून त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. रंगमंचावर बेणारे बोलत असताना प्रेक्षक पाठीमागची थिजलेली माणसेही पाहत असतो. न ऐकणाऱ्यांचे ते न ऐकणे सतत दृष्टीसमोर असते. चित्रपटात कोठे पाहायचे हे कॅमेरा ठरवितो. चेहरा जवळ येतो तेव्हा वेदना अधिक स्पष्ट होते, पण त्या वेदनेभोवतीची सामाजिक बधिरता चौकटीबाहेर जाते. नटीलाही मग शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची आवश्यकता उरत नाही. चित्रपटाने बेणारे जपली हे खरे. पण जपताना तिचे माध्यम बदलले, आणि माध्यम बदलले की अभिनयाचे शास्त्रही बदलते.

याच नाटकातील सामंत या पात्राकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. तो त्या गावचा. साधा, भिडस्त, शहरी मंडळींच्या कौतुकाने भारावलेला. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभे केले जाते आणि तो हातातल्या कादंबरीतील मजकूर साक्ष म्हणून सांगत सुटतो. ती रचलेली साक्षच बेणारेच्या आयुष्याच्या सर्वांत जवळ जाते. शहरी मंडळी गावाकडे प्रेक्षक म्हणून पाहतात. गावाजवळ आहे ती फक्त एक लोकप्रिय कादंबरी, असे त्यांना वाटते. ज्या साहित्याला सुशिक्षित मंडळी हलके समजतात त्यात एका स्त्रीच्या कोंडीचा नमुना आधीच तयार असतो, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांविषयी बोलताना हा सामंत आठवणे अपरिहार्य आहे.

४

चित्रपटांनी सुलभाताईंना जे दिले ते मुख्यतः मातृरूप. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'त (१९७७) त्या नायिकेची आई झाल्या. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील नटी आहे, आणि मुलीच्या त्या मार्गाला विरोध करणारी आई सुलभा देशपांडे. रंगभूमीला आयुष्य वाहिलेल्या स्त्रीने नटीपणाविषयीचे भय साकार करावे, यातील विरोधाभास वरवरचा आहे. ते भय काय असते हे या आईच्या वागण्यात दिसते. ती मुलीला अडविते तेव्हा तिच्या स्वरात नीतीचा आग्रह कमी आणि अनुभवाचा थकवा अधिक आहे. पुढे संजय सूरकर यांच्या 'चौकट राजा'त (१९९१) त्या मतिमंद नंदूची आई होत्या, तर २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये सासू. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आजच्या पिढीला त्यांचा चेहरा ठाऊक असलाच तर या शेवटच्या चित्रपटामुळे.

बेणारे रंगमंचावर आली तेव्हा सुलभाताई तिशीत होत्या. 'भूमिका'च्या वेळी चाळीस. रंगभूमीने त्यांना आई होण्याचा हक्क नाकारला गेलेली स्त्री दिली आणि चित्रपटाने आई दिली. चित्रपटव्यवसायात स्त्रीचे वय ज्या रीतीने तिच्या भूमिका ठरविते त्याला त्याही अपवाद नव्हत्या. या दुय्यम भूमिकांत त्या कधी भार वाटल्या नाहीत, याचे श्रेय त्यांच्या संयमाला आहे. परंतु केवळ चित्रपटांवरून लिहिलेला त्यांचा इतिहास हा एका सोशिक मातेचा इतिहास होईल. बेणारेची टवाळी, तिचा उद्धटपणा, तिची वर्गातली मस्ती त्यात कोठेही दिसणार नाही. दृश्य पुरावा उपलब्ध असणे आणि कारकीर्द समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५

छबिलदास चळवळीचे एक वैशिष्ट्य असे की ती नाट्यगृहाशिवायची रंगभूमी होती. शाळेचे सभागृह, मोजके दिवे, जवळजवळ बसलेले प्रेक्षक. पुढे 'आविष्कार'चे काम माहीमच्या महापालिका शाळेत गेले, तेही शाळेतच. नाट्यगृहाशिवायची दुसरी एक रंगभूमी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपिकाच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई भरू लागते, धान कापून बांध्या मोकळ्या होतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गोंदिया–बल्लारपूर लोहमार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवहाराचे केंद्र. नाट्यमंडळांची कार्यालये येथे असतात आणि गावोगावची मंडळी येथे येऊन नाटक ठरवितात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक हा जुना परिपाठ. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, २०२१ च्या अखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांतही नाटके चालू राहिली. गावात नाटक असले की घरोघरी पाहुणे येतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते.

दंडार, खडीगंमत यांसारख्या लोकनाट्यांच्या परंपरेतून ही रंगभूमी वाढली. दंडारीत स्त्रीवेष पुरुष घेत. नाटकातही बराच काळ पुरुषच स्त्रीभूमिका करीत. स्त्रिया नंतर आल्या. त्यांच्या येण्याने या रंगभूमीचे रूप पालटले, परंतु या पालटाचा इतिहास अद्याप नटीच्या बाजूने लिहिला गेलेला नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि येथील लोककला यांविषयी जे पायाभूत काम केले त्यामुळे या प्रदेशाची भाषा विद्यापीठीय चर्चेत आली. नटीचा अभिनय मात्र त्या चर्चेच्या परिघावरच राहिला आहे.

झाडीपट्टीतील अभिनयाविषयी नागर समीक्षेचा अभिप्राय सहसा एका विशेषणात आटोपतो : भडक. हे विशेषण तपासून पाहिले पाहिजे. उघड्या बांधीवर उभारलेला मंडप, हजारोंचा समुदाय, थंडीची रात्र, कडेवर झोपलेली मुले. तालमी थोड्या, म्हणून प्रॉम्प्टरचा आधार घेत बोलायचे. मध्ये गाणी, मध्ये विनोदी प्रवेश, एखादी लावणी, आणि पहाटेच्या सुमारास नाटकातील मुख्य दुःखाचा प्रवेश. रात्रभर जागलेल्या समुदायाला त्या वेळी पुन्हा गोळा करणे हे नटीचे काम असते. संयत, अंतर्मुख, कॅमेऱ्याच्या मापाचा अभिनय तेथे दुसऱ्या रांगेतही पोहोचणार नाही. प्रॉम्प्टरचा शब्द कानावर येणे, तो उचलणे आणि स्वतःचा म्हणून उच्चारणे यांत जो क्षणाचा अवकाश असतो तो नटी हुंदक्याने, वळण्याने, पदराच्या हालचालीने भरून काढते. ही तांत्रिक गरजेतून आलेली शैली आहे. तिचे नियम आहेत आणि त्या नियमांत चांगले-वाईट करता येते. झाडीपट्टीचा प्रेक्षक ते करतोही. कोणती नटी 'रडवते' आणि कोणती नुसती रडते यावर दुसऱ्या दिवशी गावात चर्चा होते. ही समीक्षाच आहे, फक्त ती छापली जात नाही.

येथे बेणारेच्या स्वगताकडे परत जाता येते. त्या स्वगतावर घेतलेला मेलोड्रामाचा आक्षेप आणि झाडीपट्टीवर मारलेला भडकपणाचा शिक्का हे एकाच अभिरुचीतून आले आहेत. स्त्रीने फार वेळ, फार मोठ्याने, स्वतःविषयी बोलणे या अभिरुचीला अस्वस्थ करते. सुलभा देशपांडे यांनी तो प्रवेश करून दाखविला तेव्हा त्यांच्यामागे तेंडुलकरांचा अधिकार, रंगायनची प्रतिष्ठा आणि लिहिणारा प्रेक्षक होता. म्हणून आक्षेपाला न जुमानता ती भूमिका अभिजात ठरली. पहाटे चार वाजता पळसगाव-वैरागडच्या बाजूला एखादी नटी तसाच प्रवेश करते तेव्हा तिच्यामागे यांपैकी काहीही नसते. दोघींचा अभिनय समान दर्जाचा आहे असा दावा येथे नाही. तो करायला किंवा खोडायला लागणारी सामग्रीच समीक्षेजवळ नाही, आणि सामग्रीचा हा अभाव दर्जाचा अभाव म्हणून वाचला जातो, एवढेच म्हणायचे आहे.

२०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांची कारकीर्द आकड्यांत सांगितली गेली : ८०० भूमिका, ५००० हून अधिक प्रयोग. हे आकडे थक्क करणारे आहेत आणि सन्मान सर्वस्वी योग्य आहे. तरीही त्यांतील एकेका भूमिकेचे वर्णन वाचायचे म्हटले तर अभ्यासकाला ते सहजी मिळत नाही. नटाच्या बाबतीत निदान संख्या तरी उरली. त्या हजारो रात्री ज्या नट्या समोर उभ्या राहून संवाद घेत होत्या, त्यांची नावे त्या संख्येत नाहीत. एकीकडे छबिलदासच्या सभागृहातील मोजक्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या प्रयोगांवर ग्रंथ आहेत. दुसरीकडे बांधीत हजारोंनी पाहिलेल्या प्रयोगांवर पाने नाहीत. प्रेक्षकसंख्या आणि लिखित पृष्ठे यांचे हे व्यस्त प्रमाण मराठी नाट्येतिहासाने अजून गांभीर्याने घेतलेले नाही.

६

सुलभा देशपांडे यांचे ४ जून २०१६ रोजी निधन झाले. त्यानंतर त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात बेणारे अग्रभागी होती, चित्रपटांतील आया होत्या आणि 'चंद्रशाळा' आदराने उल्लेखिलेली होती. या क्रमाऐवजी शाळा केंद्रस्थानी ठेवून ही कारकीर्द पुन्हा लिहिता येईल. तसे केल्यास बेणारे हा एक अपवादात्मक शिखरक्षण न राहता दीर्घ काळ चाललेल्या कामाचा भाग म्हणून दिसेल. नाटक शिकविणे, मुलांच्या तोंडी शब्द देणे, त्यांच्याकडून ते वदवून घेणे आणि स्वतः बोलणे, हे एकच सलग कार्य होते.

ही दृष्टी स्वीकारली तर झाडीपट्टीच्या नटीकडे पाहण्याची पद्धतही तिच्यातून मिळते. तिचीही कारकीर्द भूमिकांच्या यादीत सापडणार नाही. ती सापडेल प्रॉम्प्टरच्या हस्तलिखित प्रतीत, जेथे प्रवेश छाटल्याच्या आणि गाणी बदलल्याच्या खुणा असतात. वडशाच्या कार्यालयांतील तारखांच्या वह्यांत. एका हंगामात नायिका, पुढल्यात खलनायिका आणि काही वर्षांनी आई, अशा बदलत गेलेल्या वाटपात. आणि प्रेक्षकांच्या स्मरणात. मोबाईलवर टिपलेली चित्रणे अलीकडे आंतरजालावर दिसतात, पण त्यांत बहुधा नृत्यगीते आणि विनोदाचे तुकडे असतात. पहाटेचा प्रवेश टिपायला सहसा कोणी जागे राहिलेले नसते.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात. येथील मराठीच्या संशोधक विद्यार्थ्याला ही सामग्री गोळा करण्यासाठी प्रवास करावा लागत नाही. ती त्याच्या गावात, काही वेळा त्याच्या घरात असते. त्याने एका नटीच्या एका हंगामाची नोंद केली, म्हणजे कोणते गाव, कोणते नाटक, कोणती भूमिका, किती प्रवेश, प्रॉम्प्टर कोण, कोठे प्रेक्षक रडले आणि कोठे उठून गेले एवढे जरी लिहिले, तरी मराठी अभिनयाच्या इतिहासात आज नसलेले एक साधन तयार होईल. हे काम हंगाम चालू असताना, नटी आणि तिचे प्रेक्षक हयात असतानाच करावे लागेल. काशीकरांच्या न्यायालयात आरोपीला दहा सेकंद मिळाले आणि उपस्थितांपैकी कोणी ऐकले नाही. बांधीतल्या नटीला रात्र मिळते, ऐकणारेही हजारो मिळतात. तिच्या बाबतीत ज्यांनी अजून ऐकलेले नाही ते समीक्षक आहेत.